अवघड विषयांवरची चित्रपुस्तकं: निवडताना नेमकं काय बघायचं?

वाचनकोपरा (प्रश्न)

३ ते ८ वर्षांच्या मुलांच्या वाचनकोपऱ्यासाठी मृत्यू, आईवडिलांचं वेगळं होणं, घरातलं मोठं आजारपण, नवं भावंड आणि शरीराची सुरक्षितता अशा पाच विषयांवर मिळून १२-१५ चित्रपुस्तकं घ्यायची आहेत. याद्या पुष्कळ मिळतात, पण त्यांतली निम्मी पुस्तकं उघडली की उपदेशाची पत्रकं निघतात. म्हणून नावं नकोत, निकष हवेत. पुस्तक हातात आलं की दहा मिनिटांत ते ठेवायचं की परत करायचं, हे कशावरून ठरवायचं? पात्रं प्राण्यांची बरी की माणसांची? कोणत्या वयाला मजकूर किती? आणि वाचायचं गटात की एकेकट्या मुलाबरोबर?

---

शेवटचं_पान

दहा मिनिटं पुरतात. फक्त वाचायचा क्रम उलटा ठेवा.

पहिली तीन मिनिटं मजकुराकडे बघूच नका, फक्त चित्रं बघत पानं उलटा. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूल पुस्तक असंच वाचतं, आणि मोठ्यांचं लक्ष अक्षरांवर असताना त्याला चित्रातलं बरंच काही दिसून गेलेलं असतं. निव्वळ चित्रांवरून घटना कळते का? पात्राचा चेहरा पानागणिक बदलतो का, की दुःखाच्या पानावरही तेच गोल डोळे आणि तेच हसू? मजकुरात ‘तिला खूप राग आला’ आणि चित्रात गोड बाहुली असेल, तर मूल चित्रावर विश्वास ठेवतं.

मग शेवटची चार पानं वाचा. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं). श्रेयपानं वगळली की गोष्टीला १२ ते १४ जोडपानं (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं) उरतात. अडचण किती जोडपानांवर पसरली आहे आणि ती किती पानांत सुटली, हे मोजा. दहा जोडपानं रडणं आणि अकराव्यावर एकदम इंद्रधनुष्य, असं असेल तर पुस्तक परत करा. ते ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय, आपलं दुःख अजून कसं संपत नाही? शेवट थोडा उघडा असलेला चांगला: आठवण येते, पण आज खेळलोही. एवढंच.

विषयागणिक शेवटाचे सापळे वेगळे असतात:

आईवडील वेगळे होण्याच्या पुस्तकात शेवटी दोघं पुन्हा एकत्र आले, तर ते पुस्तक नको. या वयात मुलं तीच आशा मनात धरून बसलेली असतात आणि पुस्तक ती पक्की करतं. ‘हे तुझ्यामुळे झालं नाही’ हे गोष्टीत कुठेतरी स्पष्ट यायला हवं. सात वर्षांच्या आतलं मूल आपल्या मनातल्या रागाचा आणि घडलेल्या गोष्टीचा सहज संबंध लावतं. शिवाय रोजच्या गोष्टी दिसाव्यात: झोपायचं कुठे, दप्तर कुठे राहणार, शाळेत घ्यायला कोण येणार. मुलाचे खरे प्रश्न तेच असतात.

नव्या भावंडाच्या पुस्तकांत उलटा धोका आहे. पहिल्या पानापासून मोठं मूल बाळाचा दुस्वास करतं आणि शेवटच्या पानावर ते सुधारतं, असा साचा ठरलेला. ज्याच्या मनात दुस्वास नव्हता त्यालाही तो आयता मिळतो. अंधाराच्या भीतीवरच्या पुस्तकांचंही असंच. भीती नसलेल्या मुलाला ती वाचून दाखवायचं कारण नाही.

आजारपणाच्या पुस्तकात तीन गोष्टी हव्यात: आजाराला खरं नाव, तो स्पर्शाने किंवा जवळ बसल्याने होतो की नाही, आणि औषधामुळे दिसण्यात काय बदल होईल. ‘आईला बरं नाही’ एवढंच असेल, तर पुढच्या साध्या सर्दीलाही मूल घाबरतं.

मजकुराचं माप ढोबळ आहे. ३-४ वर्षांसाठी जोडपानावर एक-दोन वाक्यं आणि पूर्ण पुस्तकात २००-३०० शब्द, ५-६ वर्षांसाठी ५००-६०० पर्यंत. पण अवघड विषयाचं पुस्तक वयापेक्षा एक पायरी सोपं घ्यावं. मुलाची ताकद विषय पेलण्यात जाते, वाक्यं उलगडायला ती उरत नाही.

---

शब्दखुणा

वरच्या उत्तरात मजकुराबद्दल थोडक्यात आलंय, म्हणून मृत्यूच्या पुस्तकांमधल्या भाषेपुरतं लिहितो. मराठीत, विशेषतः अनुवादात, सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

मृत्यू समजायचा तर मुलाला चार गोष्टी कळाव्या लागतात. गेलेलं माणूस परत येत नाही. त्याचं शरीर काम करायचं थांबतं, म्हणजे भूक, थंडी, दुखणं काही उरत नाही. प्रत्येक जिवंत गोष्ट कधीतरी मरते. आणि मरणाला शरीरातलं काहीतरी कारण असतं, कुणाचं रागावणं हे कारण नसतं. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान या गोष्टी बहुतेक मुलांच्या हळूहळू लक्षात येतात. त्याआधी ‘आजोबा परत कधी येणार?’ हा प्रश्न वीस वेळा येणारच. प्रत्येक पुस्तकात चारही गोष्टी असायलाच हव्यात असं नाही, पण पुस्तकाने त्यातली एकही खोटी ठरवू नये.

आता आपले शब्द बघा. ‘आजोबा गेले.’ कुठे गेले? गेलेलं माणूस येतं, हा मुलाचा रोजचा अनुभव. ‘झोपी गेले’ हे सगळ्यात वाईट. ते ऐकून मूल रात्री झोपायला नकार देतं आणि मोठ्यांना कारण कळत नाही. ‘देवाला आवडले’ म्हटलं की पुढचा विचार असा: मग मी कुणाला आवडायला नको. ‘चांदणी झाले’ हे गोड आहे, पण चार वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं आणि ढगाळ रात्री रडतं. ‘वारले’, ‘निधन झालं’ हे शब्द मुलांना माहीतच नसतात. आणि ‘मेले’ हे थोरामोठ्यांबद्दल म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून अनुवादक पुन्हा ‘गेले’वर येतात.

‘आजोबांचा मृत्यू झाला’ किंवा ‘आजोबा मरण पावले’ हे चालतं, पण लगेच पुढच्या वाक्यात अर्थ आला पाहिजे: त्यांचं हृदय थांबलं, श्वास थांबला, आता त्यांना काही दुखत नाही. पक्षी, कुत्रा, मासा असेल तर सरळ ‘मेला’. पुस्तक उघडून आधी हे एक वाक्य शोधा. ते सापडलं नाही, म्हणजे लेखकाने विषय टाळून त्याभोवती पानं भरली आहेत.

कुटुंबाच्या श्रद्धेप्रमाणे ‘पुढे काय होतं’ हे पुस्तकात आलं तर हरकत नाही. मात्र शरीर थांबलं हे त्याच्या आधी यावं, त्याच्या जागी नव्हे.

---

कासवचाल

प्राणी की माणसं, हा प्रश्न राहिला. प्राणी ‘मऊ’ असतात म्हणून डोळे झाकून तीच पुस्तकं घेतली जातात, तेव्हा थोडं थांबा.

टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली होती, एका रूपात माणसं आणि दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दुसऱ्यांना दिले. प्राण्यांच्या गोष्टीने तो परिणाम झाला नाही. हा प्रयोग वाटून घेण्याबद्दलचा आहे, दुःखाबद्दलचा नाही, तेव्हा ताणून अर्थ काढू नये. पण गोष्टीतून मुलाने काही उचलून आपल्या आयुष्यात वापरावं अशी अपेक्षा असेल, तर माणसं बरी, एवढं म्हणता येतं.

म्हणून विभागणी अशी करता येईल. ‘कसं करायचं’ हे सांगणारी पुस्तकं (दवाखान्यात काय होईल, दोन घरांत कसं राहायचं, नको असलेला स्पर्श झाला तर काय करायचं) माणसांची घ्या. ‘काय वाटतं’ यावरची प्राण्यांची चालतील, कारण नुकताच धक्का बसलेल्या मुलाला थोडं अंतर लागतं. अस्वलाबद्दल बोलता बोलता ते स्वतःबद्दल बोलतं, आणि नको झालं तर पुन्हा अस्वलाच्या मागे लपतं. तेव्हा ‘म्हणजे तुझ्यासारखंच ना?’ असं विचारून त्याला बाहेर ओढू नका. अस्वलाबद्दलच बोलत राहा.

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसा (ज्यात मुलाला स्वतःचं आयुष्य दिसतं) आणि खिडकी (जिच्यातून दुसऱ्याचं दिसतं) म्हटलं होतं. १२-१५ पुस्तकांत दोन्ही हवीत. आईवडील वेगळे झालेल्या मुलाला आरसा मिळेलच, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलालाही ती खिडकी हवी असते.

एक आगाऊ सल्ला: ‘दुःखाची पुस्तकं’ असा वेगळा कप्पा किंवा रंगीत पट्टी करू नका. जे मूल त्या कप्प्याकडे जातं ते सगळ्यांना दिसतं. इतर पुस्तकांत मिसळून ठेवा, विषयांची नोंद तुमच्या वहीत असू द्या.

---

पाटीपेन्सिल

शरीराच्या सुरक्षिततेची पुस्तकं निवडताना फार कडक राहा, कारण चुकीचं पुस्तक इथे निरुपयोगी नसतं, घातक असतं. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर घेऊ नका.

खलनायक फक्त अनोळखी माणूस आहे. प्रत्यक्षात त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीची असते.

अवयवांना नावंच नाहीत, सगळं ‘शी-शूची जागा’वर भागवलंय. लिंग, योनी हे शब्द डोळा, कोपर यांच्या सुरात आले पाहिजेत. नाव माहीत नसेल तर मूल सांगणार कसं आणि ऐकणाऱ्याला कळणार कसं?

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढीच वाटणी आहे. चुकीचा स्पर्श गुदगुल्यांसारखा वाटू शकतो आणि इंजेक्शन दुखतं, त्यामुळे मूल गोंधळतं. ‘सुरक्षित, असुरक्षित’ आणि सोबत साधे नियम असलेलं पुस्तक बरं.

मूल जोरात ‘नाही’ म्हणतं आणि संकट टळतं. ज्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही त्याने काय समजायचं? सांगायला कधीच उशीर होत नाही आणि चूक मुलाची नसते, हे पुस्तकात असलंच पाहिजे. पहिल्या मोठ्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, हेही. गुपित आणि गंमत यांतला फरक (गंमत शेवटी सगळ्यांना कळते) दाखवला असेल तर उत्तमच.

गटाबद्दल: नवं भावंड, भीती, राग हे विषय ६-८ मुलांच्या गटात चालतात. त्याहून मोठ्या गटात मागच्यांना चित्रं दिसत नाहीत. मृत्यूचं पुस्तक गटात वाचायचं तर कुणाच्या घरात नुकतं काही घडलंय का, हे आधी घरच्यांना विचारून घ्या. अशा मुलाला ते आधी एकट्याला वाचून दाखवा, आणि ते नको म्हणालं तर सोडून द्या.

वाचताना थांबायच्या दोन-तीन जागा आधीच ठरवा. प्रत्येक पानावर थांबलात तर ती परीक्षा होते. ‘तुला काय वाटलं?’ याचं उत्तर ‘छान’ असंच येतं. ‘हिने हात असे का धरलेत?’ असं चित्राकडे बोट दाखवून विचारा आणि मनात सातपर्यंत मोजा. बहुतेक मोठी माणसं तीनवरच स्वतः उत्तर देऊन टाकतात. दिव्याची वेळ झाल्यावर, झोपण्याआधी ही पुस्तकं काढू नका. प्रश्न नंतर येतात आणि तेव्हा जागं कुणी नसतं.

गटात एखादं मूल काही गंभीर बोलून गेलं, तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आपण नंतर बोलू’ एवढंच म्हणा आणि त्याच दिवशी नक्की बोला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापर्यंत पोचवा.

---

वाचनकोपरा

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. चित्रं उत्तम, शेवट उत्तम, पण एका पानावर ‘कायमची झोपली’ असं वाक्य असेल तर पुस्तक सोडून द्यायचं का? आणि मूल मधेच पुस्तक मिटून पळालं तर?

---

शब्दखुणा

एका वाक्यासाठी सोडू नका. वाचताना वाक्य बदला. मात्र मूल अक्षरं ओळखणारं असेल तर तोंडी बदल पकडला जातो आणि मग पुस्तकात काहीतरी लपवलंय असं त्याला वाटतं. त्यापेक्षा त्या ओळीच्या मापाची कागदी पट्टी कापा, नवं वाक्य तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा आणि पट्टी फक्त कडांना डिंकाने चिकटवा. सेलोटेप नको, काढताना चित्र सोलून निघतं. असं वाक्य तीन-चार ठिकाणी असेल, तर पुस्तकाचा पायाच तो आहे. परत करा.

---

शेवटचं_पान

पळालं तर पळू द्या, हाक मारून बोलावू नका. पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा जागी, मुखपृष्ठ वर करून ठेवा. पुष्कळदा मूल एकटं येऊन तेच एक पान बघतं. ते पान कोणतं, एवढं दुरून बघून ठेवा. आणि तेच पुस्तक पंधरा दिवस रोज मागितलं, तर कंटाळून लपवू नका. तेवढ्या वेळा वाचल्यावर एखाद्या दिवशी ते तुम्हाला मधेच थांबवून पुढचं वाक्य स्वतःचं घालतं.