पिकअपचं ब्रेक पेडल परत परत खाली जातंय, नक्की काय बघू?

प्रश्न: वाशी मार्केटमधून कांदा भरून घोडबंदर रोडने भाईंदरला जातो, पिकअप जुनी आहे, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. ब्रेक लायनर नवे टाकले, ब्रेकच्या पाइपमधली एअर काढली, थोडे दिवस बरं चालतं आणि मग पेडल परत खाली, सिग्नलला पाय दाबून धरला तरी हळूहळू सरकत जातं. ब्रेक ऑइलची लेव्हल तेवढीच, बाहेर कुठे थेंब नाही. मेकॅनिक म्हणतो परत एअर काढू.

उत्तर 1: दादा लेव्हल कमी होत नाही आणि दाबून धरलेलं पेडल सरकतंय म्हणजे मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) आतले रबर गेलेत, ऑइल बाहेर न पडता रबराच्या बाजूने मागे सरकतं. एअर असती तर पेडल स्पंजसारखं लागलं असतं आणि पंप केल्यावर वर आलं असतं. आत बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चरे असतील तर नुसतं रबर किट टाकू नका, नवे रबरही लगेच कापले जातात, पूर्ण सिलिंडरच बदला.

उत्तर 2: वरचं बरोबर आहे. पण ऑइल किती जुनं आहे? ते हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत न उकळता टिकतं, पाणी शिरलं की 140 वरच उकळू शकतं, उकळलं की वाफ होऊन पेडल खाली जातं, गायमुखच्या उतारावर लोडमध्ये ब्रेक तापतात तेव्हा हे फार धोक्याचं. उतरताना गियर खालचा ठेवा.

प्रश्नकर्ता: उद्या सिलिंडर खोलून घेतो, तोवर लोड घेत नाही.

उत्तर 1: हे बेस्ट. मागचे ड्रमपण उघडायला सांगा, व्हील सिलिंडरचं (चाकाजवळ लायनर ड्रमवर दाबतो तो छोटा सिलिंडर) रबर उचलून आत ऑइलची ओल आहे का बघा.