टूडू लिस्टच्या पुढचा प्रोजेक्ट कोणता घ्यावा?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून वेब प्रोग्रॅमिंग शिकतेय. जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, नोड, एक्सप्रेस, पोस्टग्रेस एवढं झालंय. टूडू लिस्ट, हवामानाचं पान, लॉगिनवाला ब्लॉग असे आठ प्रोजेक्ट गिटहबवर आहेत, पण सगळे व्हिडिओ समोर ठेवून केलेले. ब्लॉगमध्ये पासवर्डसाठी बीक्रिप्ट (पासवर्डचा हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड उलगडता येणार नाही असं रूप, बनवणारी पद्धत) का वापरलं, असं एका मुलाखतीत विचारलं. "व्हिडिओत तसं होतं" याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

आता आणखी एक "अ‍ॅडव्हान्स्ड" कोर्स करायचा नाही. रोज संध्याकाळचे दोन तास आहेत. चॅट अ‍ॅप घेऊ, की ऑनलाइन दुकान, की वेगळं काही? तीन महिने ज्याच्या मागे लागावं असं एकच काहीतरी सुचवा.

धागादोरा

चॅट नको, दुकानही नको. दोन्हींचे व्हिडिओ इतके आहेत की जरा अडलं की हात तिकडेच जाणार. जागा राखून ठेवायची सिस्टीम करा. मी एका अभ्यासिकेसाठी केली होती: 40 खुर्च्या, दिवसाचे तीन स्लॉट. पहिली आवृत्ती चार दिवसांत उभी राहिली आणि पुढचे पाच महिने मी तिच्यातच होतो.

दुसऱ्या आठवड्यात 14 नंबरच्या खुर्चीपाशी दोघं जण उभे होते. दोघांच्याही फोनवर "जागा पक्की" असा मेसेज. माझा कोड सरळ होता: खुर्ची रिकामी आहे का बघायचं, असेल तर नोंद करायची. नोड एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे दोन रिक्वेस्ट एकमेकींत घुसणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. पण बघणं आणि नोंदणं यांच्या मधे अवेट, म्हणजे उत्तराची वाट बघायला लावणारी सूचना, होता. एक रिक्वेस्ट डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबली की तेवढ्यात दुसरी पुढे सरकते, आणि तिलाही खुर्ची रिकामीच दिसते.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: एकाच खुर्चीसाठी एकदम 50 रिक्वेस्ट. टेबलमध्ये 6 नोंदी पडल्या. मग खुर्ची, तारीख आणि स्लॉट या तिन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावला. पुन्हा 50 पाठवल्या, नोंद एक, नकार 49. डेटाबेसची ती एरर पकडून 409 (आधीच्या नोंदीशी टक्कर होतेय असं सांगणारा एचटीटीपी कोड) पाठवायचा आणि खुर्च्यांचा नकाशा ताजा करायचा, एवढंच उरलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा. चूक हवी तेव्हा घडवता आली, तरच ती गेली की नाही हे कळतं.

त्यातून लगेच पुढचा गुंता निघाला. एकीचं नेट मंद होतं. रिक्वेस्ट पोचली, नोंदही झाली, पण उत्तर वाटेत हरवलं. तिने पुन्हा बटण दाबलं आणि पानाने सांगितलं, "ही खुर्ची दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे." घेतली होती तिनेच! मला याचं फार वाईट वाटलं, कारण ती बिचारी त्या दिवशी आलीच नाही. तेव्हा आयडेम्पोटन्सी की हा प्रकार समजला. खुर्ची निवडली की ब्राउझरमध्येच रँडम यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही असा ओळखक्रमांक) तयार करायचा, पुन्हा प्रयत्न केला तरी तोच पाठवायचा आणि नोंदीसोबत साठवायचा. तीच की परत आली की नवी नोंद करायची नाही, आधीचं उत्तर द्यायचं.

नकाशा आपोआप बदलत राहावा म्हणून वेबसॉकेटकडे (दोन्ही बाजूंनी बोलता येणारं कनेक्शन) धावू नका. इथे माहिती फक्त सर्व्हरकडून पानाकडे जाते, त्याला सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात आणि तुटलेलं कनेक्शन ब्राउझर स्वतःच जोडतो. एवढं लक्षात ठेवा, एचटीटीपी 1.1 वर ब्राउझर एका डोमेनला एका वेळी सहाच कनेक्शन देतो. सातवा टॅब नुसता फिरत बसला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. मी अख्खी रात्र शोधली.

आणि हे खऱ्या माणसांच्या हाती द्या, दहा जणांच्या का होईना. 14 नंबरची खुर्ची मला माझ्या लॅपटॉपवर कधीच सापडली नसती.

मूळाक्षर

धागादोरांशी सहमत, पण त्याआधी दोन आठवडे काढून एक्सप्रेस न वापरता नोडच्या नेट मॉड्यूलवर स्वतःचा छोटा एचटीटीपी सर्व्हर लिहा. टीसीपीवर, म्हणजे एचटीटीपीच्या खालच्या थरावर, नुसते बाइट येतात, रिक्वेस्ट कुठे संपली ते आपणच ओळखायचं असतं.

माझ्या सर्व्हरने पहिलं उत्तर "नमस्कार" असं पाठवलं आणि ब्राउझरमध्ये दिसलं "नम" आणि पुढे एक चौकोन. कंटेंट-लेंग्थमध्ये (उत्तर किती लांब आहे ते ब्राउझरला सांगणारा हेडर) मी जावास्क्रिप्टची लेंग्थ टाकली होती, म्हणजे 7. तिथे बाइट मोजायचे असतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, म्हणून 21 हवे होते. ब्राउझरने 7 बाइट वाचले: दोन अक्षरं पूर्ण आणि तिसऱ्याचा तुकडा. इंग्रजीत "हॅलो" पाठवलं असतं तर ही चूक दिसलीच नसती. म्हणून चाचणीचा मजकूर मी कायम मराठीत ठेवतो.

अर्धविराम

सात आठवड्यांनी परत लिहितेय. मूळाक्षर यांचा सर्व्हर आधी केला, आता जागांची सिस्टीम चालू आहे. आमच्या नाटकाच्या गटाला तालमीच्या दोन खोल्या वाटून घ्यायच्या असतात, त्यासाठी. वापरणारे 16 जण.

50 रिक्वेस्टची स्क्रिप्ट लिहिली, माझ्याकडे 11 नोंदी पडल्या. ते कन्स्ट्रेंटने मिटलं. मग सहज म्हणून लॉगिनच्या 20 रिक्वेस्ट एकदम पाठवल्या, तर खोल्यांचं पानही थिजलं. लॉगिनचा कोड मी ब्लॉगमधूनच उचलला होता आणि त्यात बीक्रिप्टची सिंक पद्धत होती. ती चालू असेपर्यंत इव्हेंट लूप, म्हणजे नोडचा सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने हाताळणारा भाग, अडकून राहतो. असिंक (बाकीची कामं न अडवणारी) केली, पान मोकळं झालं. पण एक पासवर्ड तपासायला एवढा वेळ का लागतो, म्हणून वाचत गेले. तो वेळ मुद्दाम लावलेला आहे. हॅश चोरीला गेले तरी चोराला प्रत्येक अंदाज महाग पडावा म्हणून. कॉस्ट (हॅशला किती मेहनत लावायची तो आकडा, एकाने वाढला की काम दुप्पट) 10 चा 12 केला की वेळ चौपट होतो, मी मोजून बघितलं. त्या मुलाखतीत मला हे सांगता यायला हवं होतं.

सध्या एका ठिकाणी अडलेय. बुकिंग रद्द केलं की ओळ पुसत नाही, कोणी कधी रद्द केलं ते हवं असतं म्हणून. पण ती ओळ टेबलमध्ये असल्यामुळे युनिक कन्स्ट्रेंट तीच वेळ दुसऱ्याला घेऊ देत नाही. रद्द झालेल्या ओळी वेगळ्या टेबलमध्ये हलवू का?

धागादोरा

हलवायची गरज नाही. कन्स्ट्रेंट काढा आणि त्याच्या जागी पोस्टग्रेसचा पार्शियल युनिक इंडेक्स लावा. इंडेक्सला व्हेअरची अट जोडता येते: रद्द केल्याची वेळ नल (रिकामी) असेल तेवढ्याच ओळींना नियम लागू. आधी स्क्रिप्टमध्ये "बुक, रद्द, पुन्हा 50 रिक्वेस्ट" हा क्रम टाका. आत्ता त्या 50 पैकी एकही आत जाणार नाही. इंडेक्स लावल्यावर किती जातात ते इथे कळवा.