आईला पुन्हा अतिदक्षता विभागात हलवावे का?

प्रश्न (मुलगा, पुणे)
माझ्या आईचे वय ८१ असून तिचा अंडाशयाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला आहे. केमोथेरपी बंद केली आहे. महिन्याभरात तिला दोनदा अतिदक्षता विभागात ठेवले, आणि नळ्या ओढू नयेत म्हणून तिचे हात खाटेला बांधलेले मला बघवले नाहीत. आता दम पुन्हा वाढला असून व्हेंटिलेटरबद्दलचा निर्णय डॉक्टरांनी उद्यापर्यंत मागितला आहे. नकार देणे म्हणजे आईला वाऱ्यावर सोडणे, असे बहिणीला वाटते. आई शुद्धीत आहे. पण आजार किती वाढला आहे, हे आम्ही तिला सांगितलेले नाही.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका)
व्हेंटिलेटर लावला नाही म्हणून शुश्रूषा थांबत नाही, हे ताईंना जरूर सांगा. मॉर्फिनच्या लहान मात्रेने दम लागण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. ओल्या बोळ्याने ओठ पुसणे, कूस बदलणे, मलावरोधाकडे लक्ष देणे, ही कामेही तितक्याच काळजीने करावी लागतात. रोज रक्त काढणे आता खरोखर आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारा. वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणारी शुश्रूषा) केंद्र १९९७ पासून आहे. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य सेवा होते आणि घरचे माणूस सोबत राहू शकते.

प्रतिसाद (वकील)
सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले व व्हेंटिलेटरसारखे उपचार न देण्याची किंवा थांबवण्याची किचकट प्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये सुटसुटीत केली. प्रत्येकी तीन डॉक्टरांची दोन मंडळे लागतात ती रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. तुमच्या आई शुद्धीत आहेत, त्यामुळे व्हेंटिलेटर नको असे त्या स्वतःच सांगू शकतात. (दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तसे लिहूनही ठेवता येते.) मग तुम्ही भावंडे आपसांत कशाचा निर्णय घेत आहात, हे मला स्पष्टच विचारावेसे वाटते.

मूळ प्रश्नकर्ता
आज दुपारी बहिणीच्या समक्ष आईला सारे सांगितले. तिला बरेचसे ठाऊकच होते. “मशीन नको, आणि हात बांधू देऊ नका,” एवढे तिने डॉक्टरांना स्वतः सांगितले. बहीण रडली, पण तिने विरोध केला नाही. रात्री सोबतीला तीच थांबली आहे; मी सकाळी कागदपत्रे घेऊन वारज्याला जाऊन येतो.