१५० जणांची ओपन सोर्स परिषद, जागेला जास्तीत जास्त ४० हजार: संभाजीनगर की नांदेड, आणि कुठं?

दुधना_काठ

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात एका दिवसाची ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची) परिषद घ्यायची ठरवायलोत. सगळे नोकरी सांभाळून करणारे स्वयंसेवक. नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळं गटाच्या नावाचं बँक खातंही नाही. साधारण १५० लोक धरलेत. भाषणांसाठी एक मोठं सभागृह आणि जवळच कार्यशाळेसाठी दोन खोल्या लागतील. कार्यशाळांना दोन्हीकडचे मिळून ६० लॅपटॉप. जागेवर ४०,००० रुपयांच्या वर जाता येणार नाही. हॉटेलवाले माणशी थाळीच्या हिशेबानं बोलतात, ते आवाक्यातलं नाही.

संभाजीनगर सोयीचं की नांदेड? कॉलेज, नाट्यगृह, मंगल कार्यालय यांतलं कशाच्या मागं लागावं? आणि भाडं सोडून नंतर अंगावर येणारे खर्च कोणते?

कर्सर

भाऊ, 'हॉल भाड्यानं पाहिजे' हे वाक्यच आधी सोडून द्या. तसं विचारलं की समोरून दरपत्रक येतं, आणि जागा देणारा जीएसटीत असेल तर वर १८ टक्के. ४०,००० वर ७,२०० नुसते करात जातात. त्यापेक्षा एखाद्या कॉलेजच्या संगणक विभागाला सहआयोजक करून घ्या. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात कॉलेजला परिषदा, कार्यशाळा, बाहेरच्यांबरोबर केलेले उपक्रम दाखवावे लागतात. त्यांच्या आयक्यूएसीला (अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) जे लागतं ते तुम्ही स्वतःहून कबूल करा: सह्यांची हजेरी, फोटो, अभिप्राय आणि आठवडाभरात लेखी अहवाल. मग जागा बहुतेक फुकट, किंवा सफाई आणि लाइटपुरते पैसे.

ही पद्धत काही नवी नाही. पुण्यातली ग्नूनिफाय ही ओपन सोर्स परिषद अशीच सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत पुण्याच्या लिनक्स गटाबरोबर व्हायची. पायथॉन भाषेची परिषद, पहिली पायकॉन इंडिया, २००९ साली झाली तीही बंगळुरूच्या आयआयएससीच्या आवारात.

संभाजीनगर की नांदेड याचं उत्तर वक्ते कुठून येणार त्यावर. पुणे-मुंबईचे वक्ते जास्त असतील तर संभाजीनगर. पुण्याहून रेल्वेचा थेट रस्ता नाही, मनमाडवरून वळसा पडतो, म्हणून ते लोक बसनंच येतात आणि नांदेडपर्यंत यायला कुरकुरतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय रेल्वे स्टेशनच्या बाजूला आहे, परभणी-जालन्याहून येणाऱ्यांना ते बरं पडतं. विद्यापीठाचा परिसर मोठा आहे, पण गेटपासून विभागापर्यंत चालायचं अंतर लक्षात घ्या आणि पाट्या लावा. नांदेडला एसजीजीएस हे अभियांत्रिकी कॉलेज विष्णुपुरीत, म्हणजे शहराबाहेर. तिथं करायचं तर सकाळी स्टेशनवरून गाडीची सोय तुम्हाला करावी लागेल.

अर्ज कसा करायचा ते नीट सांगतो, कारण घोडं तिथंच अडतं. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत, एका पानात. त्यात दोन पर्यायी तारखा, कोणतं सभागृह, कोणत्या दोन खोल्या, किती लोक, आणि आदल्या दिवशी दुपारी चारपासून ताबा हवा हे स्पष्ट लिहा. आदला दिवस लिहिला नाही तर सकाळी नऊला शिपायाची वाट बघत दाराबाहेर उभं राहायची वेळ येते. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो नसला की 'अर्ज मिळालाच नाही' असं महिन्यानं ऐकायला मिळतं. खासगी कॉलेज असेल तर प्राचार्य 'हो' म्हणाले तरी निर्णय संस्थेचे सचिव घेतात. सरकारी असेल तर टिपणी वर फिरते. दोन्हीकडं तीन महिने हाताशी ठेवा.

रविवारचं एक बघा. अभियांत्रिकी कॉलेजं रविवारी परीक्षा केंद्रं असतात: एमपीएससी, भरती परीक्षा, उन्हाळ्यात सीईटी. निवडणूक लागली तर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला सभागृह आणि मतदान यंत्रांना खोल्या जातात. तारीख मिळाली तरी 'शासकीय कामासाठी जागा लागल्यास पर्यायी सभागृह देऊ' असं एक वाक्य परवानगीच्या पत्रात मागून घ्या.

पारावरचा

कर्सर सरांचं बरोबर, पण कॉलेजमध्ये भाडं वेळेच्या रूपानं वसूल होतं हे कुणी सांगत नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, नऊ जणांचा सत्कार, संस्थेच्या प्रगतीचा आढावा, मग प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा. साडेदहाचं पहिलं भाषण बाराला सुरू होतं आणि लांबून आलेल्या वक्त्याला सांगावं लागतं की तुमची ४० मिनिटं आता १५. दुसरं म्हणजे सक्तीची हजेरी. द्वितीय वर्षाची पोरं आणून बसवतात, सभागृह गच्च भरतं आणि जेवण झालं की ओस पडतं. तुमच्या १५० थाळ्यांचा हिशेबही त्यातच कोलमडतो.

म्हणून परवानगीच्या वेळीच लिहून घ्या: उद्घाटन २० मिनिटं, व्यासपीठावर चारच खुर्च्या, प्रवेश फक्त नोंदणी केलेल्यांना. नोंदणीला शंभर-दोनशे रुपये ठेवा. फुकट नोंदणीतले निम्मे लोक येत नाहीत असं धरूनच चाललेलं बरं.

हे जमत नसेल तर मंगल कार्यालय बघा. पण मोसम बघून. आषाढी ते कार्तिकी एकादशी, म्हणजे चातुर्मासात, लग्नं जवळजवळ नसतात, कार्यालयं मोकळी पडतात आणि मालक घासाघीस करू देतो. पितृपक्षात तर कुणीच फिरकत नाही (सर्वपित्री तेवढी सोडा, तुमचेच स्वयंसेवक घरी अडकतील). पंचांगात चातुर्मासातले गौण मुहूर्तही दिलेले असतात. ते दिवस वगळून तारीख मागा, म्हणजे भाव उतरतो. महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि पोळा यांच्या वाटेला जाऊ नका.

कार्यालयात ठरवताना विचारायचं: लाइटबिल मीटरप्रमाणे वेगळं आहे का, जनरेटरचं डिझेल तासावर की लिटरवर, साफसफाई, खुर्च्यांची संख्या, आणि बाहेरचा आचारी चालतो का. शेवटचं महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी त्यांचाच आचारी घ्यावा लागतो आणि तुमची बचत तिकडं जाते. पत्र्याचं छत असेल तर सरळ नको म्हणा. आवाज घुमतो, आणि श्रावणातली सर आली की वक्त्याचा एक शब्द मागच्या रांगेत पोचत नाही.

नाट्यगृहाच्या फंदात पडू नका. संत एकनाथ रंगमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह ही नाटकाला आणि मोठ्या सभांना ठीक. आपल्याला १५० च बसवायचेत. खुर्च्या पक्क्या, समोर टेबल नाही, खुर्चीजवळ प्लग नाही, आत खायला बंदी, आणि आरक्षण सत्रावर. सकाळ-दुपार अशी दोन सत्रं धरली की पैसे दुप्पट.

अर्थिंग

जागा बघायला जाल तेव्हा सोबत टेस्टर आणि एक लॅपटॉप चार्जर न्या. प्रत्येक प्लगात लावून बघा. कार्यालय असो की कॉलेज, निम्मे प्लग मेलेले असतात.

हिशेब असा. लॅपटॉप चार्जर सरासरी ६५ वॅट धरा. ६० लॅपटॉप म्हणजे ३,९०० वॅट, २३० व्होल्टवर साधारण १७ अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या प्लगाची क्षमता १,३८० वॅट, म्हणजे कागदावर २१ चार्जर, पण १२ ते १५ च्या वर लावू नका. म्हणजे ६० लॅपटॉपांना किमान चार-पाच वेगवेगळ्या सर्किटवरचे प्लग पाहिजेत. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी माळ केली की पहिल्या बोर्डाची बारीक वायर गरम होते, प्लगाचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ होतं, नाहीतर मेन सर्किट ब्रेकर पडतो आणि प्रोजेक्टरही त्यासोबत जातो. १६ अँपिअरचा पॉवर प्लग असेल तर २.५ चौरस मिलिमीटर वायरचा बोर्ड करून घ्या. मंडपवाल्याकडं मिळतो.

जनरेटर आहे एवढं ऐकून समाधान मानू नका. 'जनरेटरवर काय काय चालतं' ते विचारा. बऱ्याच सभागृहांत व्यासपीठ, दिवे, पंखे त्यावर असतात. एसी आणि भिंतीचे प्लग नसतात. मेन बंद करून दाखवा म्हणावं. बदल होताना १०-१५ सेकंद जातात, त्यासाठी प्रोजेक्टर आणि राउटरला यूपीएस. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर लगेच परत चालू होत नाही, तो आधी थंड व्हावा लागतो. महावितरणचा देखभालीचा दिवस त्या भागाच्या उपविभागात विचारून घ्या आणि तो टाळा.

पाणी. संभाजीनगरात नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं टाकी कधी भरते ते आदल्या दिवशी बघा. पिण्याचं माणशी ३ लिटर धरलं तर ४५० लिटर, म्हणजे २० लिटरचे २३ जार. मार्चनंतर असेल तर ३० सांगा. स्वच्छतागृहाचं पाणी यात धरलेलं नाही, टाकी रिकामी दिसली तर टँकर.

सबनेट

नेटचं बोलतो. 'वायफाय आहे' याला काही अर्थ नाही.

पहिली अडचण पत्त्यांची, म्हणजे राउटर प्रत्येक उपकरणाला देतो त्या आयपी नंबरांची. बहुतेक ठिकाणी राउटरवर /२४ (जाळ्याचा आकार) असतं, म्हणजे पाहुण्यांना २५३ पत्ते. १५० लोक, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, झाले ३००. त्यात लीज (एक पत्ता किती वेळ राखून ठेवायचा ती मुदत) २४ तासांची ठेवलेली असते, त्यामुळं निघून गेलेल्या माणसाचा पत्ताही अडकून राहतो. अकरा वाजता लोक म्हणायला लागतात 'वायफाय जोडलंय पण नेट येईना'. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं मागा, /२२ करा (१,०२२ पत्ते), लीज एक तास. एका ॲक्सेस पॉइंटवर (वायफायच्या डब्यावर) ३०-४० उपकरणांच्या वर टाकू नका, ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवा.

दुसरी अडचण कॉलेजच्या फायरवॉलची, म्हणजे नको ती नेटची वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेची. लॉगिनचं पान तर असतंच, शिवाय २२ नंबरचा पोर्ट (जोडणीचा दरवाजा) बंद. त्यामुळं एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून गिट (कोडची देवाणघेवाण करायचं साधन) चालत नाही आणि कार्यशाळेचा पहिला तास त्यात जातो. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळापुरता उपाय आहे: github.com ऐवजी ssh.github.com या होस्टवर ४४३ पोर्टनं जोडा. नाहीतर सगळ्यांना एचटीटीपीएसनंच (साध्या वेब जोडणीनं) कोड उतरवून घ्यायला सांगा. आठवडाभर आधीच विभागातल्या नेटवर्क बघणाऱ्या सरांना भेटून, लिहून पोर्ट उघडून घेतलेले चांगले. ते रविवारी फोन उचलत नाहीत.

तिसरी, डाउनलोड. ६० जणांनी १ जीबीची फाइल ओढली तर ६० जीबी. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी ८० मिनिटं. म्हणून एक जुना संगणक खोलीत ठेवा, त्यावर ॲप्ट-कॅशर-एनजी (लिनक्सची पॅकेजं एकदाच उतरवून सगळ्यांना वाटणारं), पायथॉनची पॅकेजं आधीच उतरवलेली, आणि पाच-सहा पेनड्राइव्ह व्हेंटॉयनं (थेट त्यावरूनच पीसी सुरू करता येईल असे) तयार करून त्यात लिनक्सच्या आयएसओ फाइली. कॉलेजच्या लॅबमध्ये घेणार असाल तर बायोसचा (पीसी कशावरून सुरू व्हायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगचा) पासवर्ड कुणाकडं आहे ते विचारा, नाहीतर पेनड्राइव्ह कुलूपबंद पीसीपुढं नुसता धरून बसावं लागतं. लॅबमधले पीसी बहुधा रीस्टार्ट केले की मूळ स्थितीत जातात, तेव्हा बसवलेलं काही टिकत नाही.

दुधना_काठ

भारी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. संभाजीनगरात कॉलेज, असं नक्की करायलोत. दोन शंका. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात सुटी असते, तिला जोडून घेतली तर लोक जास्त येतील का? आणि पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? एक-दोन कंपन्या प्रायोजक व्हायला तयार आहेत, पण बिल मागतात.

कर्सर

१७ सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्राम दिन. सकाळी कॉलेजात ध्वजारोहण असतं, कर्मचारी त्यानंतर घरी जातात आणि लॅब असिस्टंट मिळत नाही. शिवाय काही वर्षी तो गणपतीत येतो. सुटीला जोडलेला शनिवार चालेल, प्रत्यक्ष १७ नको. सत्र परीक्षांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून मगच तारीख सांगा.

पैशाचं: कॉलेजकडून जागा घ्या, पैसे त्यांच्या खात्यात घालू नका. गेले की काढायला तीन दरपत्रकं, व्हाउचर, मंजुरी, आणि वक्त्याचा बसखर्च दिवाळीनंतर मिळतो. प्रायोजकाला सांगा की आचाऱ्याचं किंवा छपाईचं बिल त्यांच्याच नावे काढून थेट तिकडं भरा. त्यांना बिल मिळतं, तुमच्या हातात पैसाच येत नाही. काही रोख लागलीच तर फॉस युनायटेडसारखी संस्था ओपन सोर्स कार्यक्रमांना अनुदान देते, तिकडं अर्ज करा. वैयक्तिक यूपीआयवर नोंदणीचे पैसे घ्यायचे झाले तर ज्याचं खातं त्यानं रोजचा हिशेब गटात टाकायचा.

छोटी सुरुवात करायची असेल, म्हणजे ४०-५० जणांची चाचणी बैठक, तर सीएमआयए, मसिआ या उद्योजक संघटनांकडं छोट्या सभागृहाची चौकशी करा. त्या निमित्तानं वाळूज-चिकलठाण्यातले सॉफ्टवेअरवालेही येतात.

सबनेट

एक राहिलंच. सभागृहाचा प्रोजेक्टर छताला असेल तर केबल कोणती ते बघा. जुन्या ठिकाणी व्हीजीए असते. एचडीएमआय ते व्हीजीए ॲडॅप्टर दोन न्या (एक मरतोच), आणि व्हीजीएतून आवाज जात नाही म्हणून ऑडिओची वेगळी वायर. स्वतःची एचडीएमआय टाकणार असाल तर साधी केबल १५ मीटरच्या पुढं भरवशाची नाही. नव्या लॅपटॉपांसाठी सी-टाइप ॲडॅप्टर. आदल्या दिवशी चारला ताबा मिळाला की पहिलं काम हेच करा, शहागंज किंवा पैठण गेटची दुकानं उघडी असतात तोवर.