निवृत्तीनंतर बसलेली घडी मोडावी का?

प्रश्न:
शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्यात एकटी राहते. मुलगा बंगळुरूला कायमचे या म्हणून आग्रह करीत आहे आणि सुनेने तिथल्या वस्तीतील मुलांना गणित शिकवण्याचे काम माझ्यासाठी पाहूनही ठेवले आहे. काम मनापासून हवे आहे. परंतु भाषा नवी, माणसे नवी, आणि एवढी उलथापालथ या वयात झेपेल का, या विचाराने पाऊल उचलत नाही. काय करावे?

उत्तर १:
ताई, तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून महर्षी धोंडो केशव कर्वे यांची आठवण झाली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते परदेश दौऱ्यावर निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान असे फिरत त्यांनी या कामाची माहिती लोकांपुढे मांडली. निवृत्तीला त्यांनी मुक्काम मानलेच नाही. तुम्ही अवश्य जावे.

उत्तर २:
कर्व्यांचे उदाहरण मोलाचे आहे, पण त्यांनी सोसलेलेही सांगायला हवे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. तेव्हा ताई, जाताना जीव तुटणारच, तो तुटू द्यावा. मी मुलाकडे निघाले तेव्हा तुळशीवृंदावन कोणाच्या हाती सोपवायचे, यावरच सारे अडले होते. शेजारच्या वहिनींनी ते आपल्या अंगणात नेले आणि मगच मी तिकीट काढले. बंगळुरूत मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीला कन्नडमध्ये ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ असे विचारताना आधी जीभ अडखळे आणि ती हसून मला आकडे म्हणून दाखवी. त्या रोजच्या धडपडीने मला जी तरतरी आली, ती गावातल्या निवांत दुपारी कधी आली नव्हती. साताऱ्याचे घर मात्र इतक्यात विकू नका.

उत्तर ३:
घर राखावे हे पटते, पण वर्षभर तरी त्याच्याकडे परतीची वाट म्हणून पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक पाय साताऱ्यात ठेवून वर्गात उभे राहिलात, तर मुलांना ते लगेच कळेल. कन्नड अंक आजपासूनच पाठ करा आणि शाळा सुरू होण्याआधी तिथे पोहोचा.