जबडा निखळतोय की सांध्यात काही वाढतंय?

प्रश्न: आईचा जबडा महिन्याभरात दोनदा निखळला, दोन्ही वेळा जांभई देताना. तोंड उघडं ते उघडंच, लाळ गळतेय, बोलता येईना. कानापुढे बोट ठेवलं तर खळगा लागला. डॉक्टरांनी अंगठ्यांना गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर दाब दिला, जबडा आधी खाली, मग मागे ढकलला आणि बसवला. पण आता तोंड मिटल्यावरही हनुवटी डावीकडे दिसते, उजव्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. हेही निखळण्यामुळेच का?

उत्तर : एका बाजूने निखळला तरी हनुवटी विरुद्ध बाजूला जाते, पण तेव्हा तोंड मिटत नाही. काकूंचं मिटतंय, म्हणून मला काळजी वाटते. जुने फोटो काढून बघा. हनुवटी वर्षानुवर्षं सरकत आली असेल तर उजव्या कॉन्डाइलवर, म्हणजे कानापुढच्या सांध्यात बसणाऱ्या खालच्या जबड्याच्या गोल टोकावर, ऑस्टिओकाँड्रोमा असू शकतो. हाड-कूर्चेची ही गाठ या सांध्यात दुर्मिळ, पण कर्करोग नव्हे. सीटी स्कॅन कराच. आणि पुन्हा निखळला तर घरी ओढाताण नको.

उत्तर : माझ्या कानापुढची सूज लाळग्रंथीची समजून दोन वर्षं गेली. एमआरआयमध्ये सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिस निघाला, म्हणजे सांध्याच्या अस्तरात कूर्चेचे कण तयार होण्याचा आजार. सांध्यातून कूर्चेचे मोत्यासारखे पांढरे कण काढले. मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनलाच दाखवा.

प्रश्नकर्ती: दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत हनुवटी सरळ आहे, नंतरच्या प्रत्येकात थोडी थोडी डावीकडे. आम्ही रोज बघत होतो, तरी दिसलं नाही. बुधवारी सीटी आहे.