अनुभव धागा: रॉडने कुरळे केलेले केस टिकवता कसे?

जास्वंद:
मे महिन्यात रत्नागिरीला भाचीचं लग्न. माझे केस सरळसोट. रॉडने कुरळे केले की आरशात झकास दिसतात आणि अक्षता पडेपर्यंत पुन्हा सरळसोट, जैसे थे. आपापले अनुभव लिहा, फसलेले आधी. 'पार्लरला जा' एवढं सोडून काहीही चालेल.

खारीबिस्कीट:
मी तीन वर्षं एकच चूक केली. बट रॉडवरून सुटली रे सुटली की तिच्यात कंगवा. शेवटी एका पार्लरवाल्या ताईंनी हातावर चापटी मारली, "गरम आहे तोवर हात नाही लावायचा!" आता बट तळहातावर झेलते, गुंडाळी न मोडता टाळूशी नेते आणि चाप लावून टाकते. सगळं डोकं झालं की साडी नेसायला घ्यायची. निऱ्या, पदर, पिना होईपर्यंत केस गार होतात, मग चाप काढायचे. त्या अवतारात एकदा दार उघडलं, कुरिअरवाला दोन पायऱ्या खाली उतरला.

बुन्सेनबर्नर:
ताई बरोबर बोलल्या. उष्णतेने केसातल्या केरॅटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध (केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक दुवे) सुटतात आणि गार होताना केस ज्या आकारात असेल त्यातच पुन्हा जुळतात. पाण्यानेही हेच बंध सुटतात, म्हणून मे महिन्यातली कोकणची हवा तुमची वैरीण. आणि ओलसर केसांना रॉड नकोच. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात, तिथूनच तो तुटतो.

तिखटमीठ:
ओलसरचं काय घेऊन बसलात, मी आदल्या रात्रीचं खोबरेल तसंच ठेवून रॉड लावला होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "भजी कोणी टाकलीत?"

न्यूजर्सीकरीण:
पुण्याचा २३० व्होल्टचा रॉड इथे १२० वर जेमतेम कोमट झाला. उलट इथला रॉड सुट्टीत आईकडे नुसती पिन बदलून लावला, तर टप्प आवाज, धूर आणि खेळ खलास. मुठीवर १००-२४० छापलंय का बघा, मगच बॅगेत टाका.

मुलीचा_बाबा:
गॅदरिंगच्या दिवशी बायको ड्यूटीवर, त्यामुळे रॉड माझ्या हाती. पहिलीच बट आणि लेकीच्या कानाला चटका. तेव्हापासून कानाजवळ रॉडखाली कंगवा आडवा धरतो. सगळ्या बटा एकाच दिशेला वळवल्या तर एकमेकींत शिरून एकच जाड सुरळी होते, म्हणून एक आत, एक बाहेर. चेहऱ्यालगतच्या तेवढ्या बाहेरच. हे मला एका नऊ वर्षांच्या ग्राहकाने शिकवलं.

गुंतवळ:
जास्वंद, रॉड किती जाडीचा? ३२ मिमीचा असेल तर सरळ केसांवर नुसत्या लाटा येतात, त्याही तासाभरात उतरतात. १९ किंवा २५ चा घे. बट बोटाएवढीच, आठ-दहा सेकंद. माझे रंगवलेले केस १५० अंशांवर वळतात. नणंदेच्या दाट केसांना १८० लागतं. २०० च्या पुढे मी कोणालाच जाऊ देत नाही.

जास्वंद:
रविवारी रंगीत तालीम केली. रॉड २५ चा. डावीकडे चाप लावून गार केले, उजवीकडे नेहमीसारखा लगेच कंगवा फिरवला. संध्याकाळी तशीच मंडईत गेले. कोथिंबीर बांधता बांधता मावशींनी विचारलं, "दुपारी एकाच कुशीवर झोपलात काय?"